भाच्याला जर्मनीत वकिलाचं पत्र आलंय : गाणी वाटणाऱ्यावर कुठल्या देशात काय कारवाई होते?

कृष्णाकाठचा (सांगली)

मंडळी, कायद्याची आणि परदेशाची माहिती असलेल्यांनी जरा मदत करा.

भाचा माझा श्टुटगार्टला एमएस करतोय. परवा त्याच्या खोलीवर एका वकिली फर्मचं जाडजूड पाकीट आलं. एका इंग्रजी बँडचा अल्बम त्याने टोरेंटवरून उतरवला होता. त्याबद्दल साडेआठशे युरो भरा आणि सोबतच्या कागदावर सही करून अमुक तारखेच्या आत पाठवा, असं लिहिलंय. पोरगं पार घाबरलंय. फोनवर पहिला प्रश्न काय, तर "मामा, दिवाळीला सांगलीला आलो तर परत जाताना विमानतळावर धरतील का?" ताईला अजून सांगितलेलं नाही.

दुसरी भानगड आमच्या घरची. सांगली-मिरजेतले आम्ही काही कानसेन मिळून जुन्या तबकड्या आणि कॅसेटी संगणकावर चढवतो. नाट्यसंगीत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं, झालंच तर घरगुती मैफली. सगळं एका ड्राइव्हवर असतं, लिंक ग्रुपवर. ग्रुपात पुण्याचे आहेत, तसे न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्नचेही आहेत. पैसा कुणी कुणाकडून घेत नाही. भाच्याची हकीकत ग्रुपवर सांगितली आणि रात्रीत दोघे ग्रुप सोडून गेले. त्यातल्या एकाने सगळ्यांत जास्त माल उतरवून घेतलाय!

विचारायचं एवढंच, की लिंक सांगलीतून टाकली आणि गाणं उतरवलं न्यू जर्सीत, तर कायदा कुणाचा? आणि एका देशातली कंपनी दुसऱ्या देशातल्या साध्या माणसाला खरंच कोर्टात खेचू शकते का?

पाटावरची

रुमाल टाकून ठेवते. घरी दोन टेरा गाणी आहेत. :)

मिरजेचा_म्युनिककर

कृष्णाकाठचे काका, आधी भाच्याला चहा पाजा. अशी पत्रं इथे आपल्या विद्यार्थ्यांत दर सेमिस्टरला कुणाला ना कुणाला येतात. याला इथे 'आबमानुंग', म्हणजे इशारेपत्र, म्हणतात. ही पोलिसाची नोटीस नाही, दिवाणी मामला आहे. विमानतळावर कुणी धरणार नाही.

हे चालतं कसं ते सांगतो. टोरेंट म्हणजे पंगतीत जेवता जेवताच शेजारच्याच्या ताटात वाढायचं. फाइलचे चार तुकडे तुमच्याकडे आले की ते तुमच्या मशीनवरून पुढे जायला लागतात. कंपनीने नेमलेली माणसं त्याच पंगतीत बसलेली असतात आणि कुठल्या आयपी पत्त्यावरून तुकडा आला ते सेकंदासकट टिपून ठेवतात. मग कोर्टाचा आदेश घेऊन इंटरनेट कंपनीकडून नाव-पत्ता काढतात. भाच्याच्या पत्रात तारीख, वेळ, आयपी आणि फाइलचा लांबलचक आकडा असेल, बघा. त्याच्यावरचा ठपका 'उतरवलं' याचा नाही, 'पुढे वाटलं' याचा आहे.

आता महत्त्वाचं. पत्र कचऱ्यात टाकू नये. मुदत गेली की ते कोर्टातून मनाईहुकूम आणू शकतात आणि मग खर्च वाढतो. पण त्यांनी छापून पाठवलेल्या हमीपत्रावर जशीच्या तशी सहीदेखील करू नये. त्यात बहुतेक वेळा गुन्ह्याची कबुली गुंफलेली असते, आणि एकदा सही केली की पुन्हा असं करणार नाही, केलं तर दंड देईन, हे बंधन आयुष्यभर मानेवर बसतं. वकिलाकडून त्याचा मर्यादित मसुदा करून घेतात आणि रकमेवर घासाघीस करतात. ग्राहक केंद्रात थोड्या फीमध्ये सल्ला मिळतो. वकिलाची पहिली फी १००० युरोच्या दाव्याच्या हिशोबानेच धरायची, असं २०१३ मध्ये कायद्यात घातलंय. नुकसानभरपाई मात्र त्याहून वेगळी.

आणि 'मी नाही, खोलीतल्या दुसऱ्याने केलं' हे सांगायचं असेल तर जपून. म्युनिकच्याच एका घरात मोठ्या मुलाने अल्बम वाटला होता. कुठल्या मुलाने ते आईबापांना ठाऊक होतं, पण त्यांनी नाव सांगायला नकार दिला. २०१७ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने भरपाई आईबापांच्या गळ्यात घातली.

भडंगवाला

म्हंजे लईच झालं की ओ. आमच्याकडं स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात तीस रुपयात आख्खं कार्ड भरून देत होते. हजार गाणी, वर चार पिक्चर फुकट. त्या हिशोबानं निम्मा जिल्हा आत पायजे.

पाटावरची

@भडंगवाला, आणि कार्डात शेवटी तो दुकानदाराच्या आवडीचा 'डीजे मिक्स' फोल्डर न मागता यायचाच.

विश्रामबागचा_वकील

फी न घेता बोलतोय, तेव्हा याला सल्ला समजू नये. :)

भडंगवाल्यांनी गमतीत म्हटलं, पण आपल्याकडे धाडी पडल्या त्या अशाच दुकानांवर. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३. जाणूनबुजून हक्कभंग केला तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायाधीश कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतात. कलम ६४ खाली फौजदार वॉरंटाशिवाय माल जप्त करू शकतो. त्यात २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्याआधी उच्च न्यायालयांत यावर दोन तट होते. म्हणजे कागदावर आपला कायदा जर्मनीपेक्षा कडक. तिकडे वकिलाचं पत्र येतं, इकडे पोलीस येऊ शकतो.

पण कागद आणि व्यवहार यांत फरक पडतो तो इथे. आपल्या संगीत कंपन्यांनी घरोघरच्या ऐकणाऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा साइटा आणि दुकानं धरली. २०१२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयातून १०४ साइट बंद करायचे आदेश आणले, तो काळ आठवत असेल. घरात बसून एकट्याने ऐकणाऱ्याला कलम ५२ मध्ये खासगी वापराची थोडी मोकळीक आहे. चोरीच्या प्रतीलाही ती लागू पडते का, यावर वाद घालायला जागा आहे. वाटणाऱ्याला मात्र त्या कलमाचा आडोसा नाही.

अवांतर: २०१६ मध्ये बंद केलेल्या साइटवर 'बघितलं तरी ३ वर्षं कैद' अशा अर्थाची पाटी यायची आणि व्हॉट्सॲपवर हाहाकार उडाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केलं, की नुसतं बघणं हा गुन्हा नव्हे. पाटी वाचलेल्यांपैकी किती जणांनी निकाल वाचला असेल कोण जाणे.

हडसनकाठी (न्यू जर्सी, मूळ गाव इस्लामपूर)

तुमच्या ग्रुपात मी नाही, पण 'न्यू जर्सी' वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहिते.

इकडे २००३ च्या सप्टेंबरात रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने एका दिवशी २६१ जणांवर दावे लावले. त्यात शाळकरी मुलगी होती, आजोबा होते. पुढच्या पाच वर्षांत आकडा ३५,००० च्या आसपास गेला. बहुतेकांनी काही हजार डॉलर देऊन सुटका करून घेतली, कारण इथला कायदा दर गाण्यामागे ७५० ते ३०,००० डॉलर भरपाई देतो आणि मुद्दाम केलं असं ठरलं तर दीड लाखापर्यंत. नुकसान किती झालं ते सिद्ध करायची गरज नाही. मिनेसोटातली एक बाई मात्र लढली. गाणी २४. पहिल्या ज्युरीने २,२२,००० डॉलर लावले, दुसऱ्या खटल्यात १९ लाख २० हजार, तिसऱ्यात १५ लाख! शेवटी २०१२ मध्ये अपील कोर्टाने परत २,२२,००० वर आणून ठेवलं. म्हणजे गाण्यामागे ९,२५० डॉलर.

२००८ च्या अखेरीस संघटनेने असे घाऊक दावे थांबवत असल्याचं जाहीर केलं. लोक हसायला लागले होते आणि वकिलांवरचा खर्च निघत नव्हता. आता इंटरनेट कंपनीकडून इशारा येतो. मुलीच्या कॉलेजच्या हॉस्टेलात तर पहिल्या इशाऱ्यालाच नेट बंद करून निबंध लिहायला लावतात.

तरी एक सांगते. १९९७ पासून इथे फुकट वाटणंसुद्धा फौजदारी गुन्हा ठरू शकतं. १८० दिवसांत १,००० डॉलरहून जास्त किमतीचा माल वाटला तर. 'आम्ही पैसे घेत नाही' हे वाक्य इथे फार कामाला येत नाही.

मेपलची_पानं

टोरांटोतून हजेरी. ग्रुप सोडून गेलेला मी नव्हे! आमच्याकडे २००४ मध्ये कंपन्यांनी २९ जणांची नावं मागितली आणि फेडरल कोर्टाने पुरावा कच्चा म्हणून दिली नाहीत. २०१२ च्या कायद्याने बिगर-धंदेवाल्याला भरपाईचं छत घातलंय. १०० ते ५,००० डॉलर, तेही सगळ्या गाण्यांचं मिळून. शेजारी देश, पण तीच २४ गाणी इथे ५,००० च्या वर जाणार नाहीत.

योकोहामा_लोकल

जपानात वाटणं आधीपासूनच फौजदारी. २०१२ च्या ऑक्टोबरपासून बेकायदा गाणं माहीत असून नुसतं उतरवलं तरी २ वर्षं कैद किंवा २० लाख येन दंड. उलट स्वित्झर्लंडमध्ये स्वतःपुरतं उतरवलेलं चालतं, वाटलेलं नाही. एवढंच सांगून पळतो, गाडी आली.

कृष्णाकाठचा (सांगली)

बापरे. सगळ्यांचे आभार. भाच्याला म्युनिककरांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला.

पण वकीलसाहेब, माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. मी बसलोय गावभागात. समजा न्यू जर्सीतल्या कंपनीला वाटलं, सांगलीच्या या म्हाताऱ्याला धडा शिकवावा. तर?

विश्रामबागचा_वकील

जगाचा एक कॉपीराइट कायदा नाही. बर्न करार आहे, १८८६ चा, आपण १९२८ पासून त्यात आहोत. त्याने एवढंच केलंय, की परक्या देशातल्या कृतीलाही आपल्या कृतीइतकंच संरक्षण द्यायचं. ते किती आणि कसं, हे जिथे संरक्षण मागितलंय त्या देशाच्या कायद्याने ठरतं. म्हणून न्यू जर्सीतल्या माणसाने प्रत उतरवली तर तो अमेरिकी कायद्याला जबाबदार, आणि तुम्ही सांगलीतून लोकांना उपलब्ध करून दिलं त्याला भारतीय कायदा. अमेरिकन कंपनीला तुमच्यावर इथे दावा लावायला कुणाची आडकाठी नाही. भारतात ती मोठ्या हिट गाण्यासाठी येईल, तुमच्या कॅसेटींसाठी येईल का, हे तुम्हीच ठरवा.

तिकडच्या कोर्टात दावा लावून निकाल घेतला, तर तो इथे आणायचा कसा? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ बघा. ब्रिटन, सिंगापूर, २०२० पासून संयुक्त अरब अमिरात, अशा मोजक्या ठिकाणचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलात आणता येतात. अमेरिका, जर्मनी, कॅनडा त्या यादीत नाहीत. तिथला निकाल पुरावा म्हणून घेऊन इथे नव्याने दावा लावावा लागतो आणि कलम १३ च्या चाळण्यांतून जावं लागतं. तुमच्यासाठी एवढा व्याप कुणी करणार नाही. दुबईतल्या सभासदाने मात्र जरा जपावं, आणि तुमचीच अमेरिकेत मालमत्ता असेल, मुलगा असेल, येणंजाणं असेल, तर तिथला निकाल तिथेच वसूल होतो.

इतिहासही हेच सांगतो. जगभरातल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने २००४ च्या मार्चमध्ये जर्मनी, डेन्मार्क, इटली आणि कॅनडा मिळून २४७ जणांवर कारवाई सुरू केली. संघटना एकच, तरी प्रत्येक देशात तिथल्याच वकिलाकरवी, तिथल्याच कायद्याने जावं लागलं. गाणी वाटायचं ते 'काझा' सॉफ्टवेअर आठवतंय का? कंपनीची नोंदणी वानुआतू बेटावर, कारभार सिडनीतून. तिला शेवटी ऑस्ट्रेलियाच्या कोर्टात धरलं, कारण माणसं तिथे बसलेली होती.

शंकासुर

आणि प्रत्यार्पण? न्यूझीलंडच्या त्या मेगाअपलोडवाल्याचं, फाइली वाटायच्या साइटच्या मालकाचं, काय? अमेरिकेला तो हवाय ना?

विश्रामबागचा_वकील

ते फौजदारी आणि फार मोठ्या माशांसाठी. त्याच्या घरावर २०१२ च्या जानेवारीत छापा पडला, प्रत्यार्पणाच्या आदेशावर मंत्र्याची सही झाली २०२४ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी सॉफ्टवेअर फोडून वाटणाऱ्या टोळीच्या एका म्होरक्याला ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत नेलं होतं, २००७ मध्ये. त्याने तोवर अमेरिकेत पाऊलही ठेवलं नव्हतं. तेव्हा अशक्य नाही. पण धंदा, टोळी, कोट्यवधींचा माल असं काहीतरी लागतं.

सर्व्हर बाहेर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टेलिग्रामने 'आमचे सर्व्हर सिंगापूरला' असं सांगून बघितलं. कोर्टाने ऐकलं नाही, चॅनल चालवणाऱ्यांचे तपशील द्यायला लावले.

तंबोरा

सगळे 'वाटलं तर काय होईल' यावर बोलताय. मुळात जे वाटताय त्यावर कुणाचा हक्क उरलाय का, ते बघा ना!

ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. १९६० साली बाजारात आलेली तबकडी २०२० सरताना मोकळी झाली. खाँसाहेबांच्या तिसाच्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्या, बालगंधर्वांच्या तबकड्या, या कधीच मोकळ्या. मग शब्द आणि चाल. त्यांना कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आपल्या सांगलीचे खाडिलकर १९४८ ला गेले, म्हणजे २००८ नंतर त्यांची पदं मोकळी. चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ ला गेले, त्यांचंही झालं. पण शेटफळ्याचे गदिमा १९७७ ला गेले. तेव्हा त्यांची गाणी २०३७ सरेपर्यंत हक्काची, तबकडी कितीही जुनी असो. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आणि पुन्हा देशागणिक फरक आहेच. अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा करून १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं आणि पुढच्या दहा वर्षांतल्यांना ११० वर्षं दिली. १९३५ ची तबकडी मिरजेत मोकळी, युरोपात ७० वर्षांचा हिशोब म्हणून तिथेही मोकळी, पण न्यू जर्सीत २०३५ सरेपर्यंत नाही. हडसनकाठीताई, पोटातला गोळा राहू द्या. :)

ही तबकड्यांची कामं आम्ही का करतो तेही सांगतो. २०१९ च्या पुरात आमच्या ओळखीच्या एका घरात कपाटाच्या वरच्या खणापर्यंत पाणी होतं. कॅसेटींत गाळ भरलेला. आम्ही एकेकीचे स्क्रू काढून फीत बाहेर काढली, डिस्टिल्ड पाण्यातून काढली, सावलीत वाळवली, दुसऱ्या कवचात घालून एकदाच वाजवली आणि त्याच वेळी उतरवून घेतली. काही फितींना दुसऱ्यांदा वाजण्याची ताकद नव्हती. हे केलं नसतं तर कुठल्या कंपनीने केलं असतं?

गाणाऱ्याच्या_घरची

तंबोरा, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, म्हणूनच लिहिते. घरगुती मैफलींचं काय?

आमच्या घरात दोन पिढ्या गाणं आहे. घरच्या बैठकीत कुणी कोपऱ्यात टेप लावायचं आणि म्हणायचं, "माझ्यापुरतं हो." आजीने कधी नाही म्हटलं नाही. आता तीच बैठक एका यूट्यूब चॅनलवर आहे. राग चुकीचा लिहिलाय आणि मध्ये गुटख्याच्या भावंडाची जाहिरात येते. आम्हाला कुणी विचारलं नाही, नाव टाकताना शुद्धलेखनही तपासलं नाही. चॅनलवाल्याला विचारलं तर म्हणाला, एका ग्रुपच्या लिंकवरून मिळालं, फुकट होतं. तुमची लिंक ग्रुपातच राहते, हे तुम्हाला कसं कळतं?

विश्रामबागचा_वकील

ताईंचा मुद्दा कायद्यानेही खरा आहे. कलाकाराचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, आता तो ५० वर्षं धरतात. कलम ३९ खासगी वापरासाठी टेप करायला मोकळीक देतं. ती टेप जगाला वाटायला नाही. या धाग्यात खरी जोखीम असेल तर ती इथे आहे, न्यू जर्सीत नव्हे. ज्यांचा हक्क आहे ते इथेच, कोल्हापूर-पुण्यात राहतात, आणि त्यांना सांगलीचं कोर्ट तुमच्याइतकंच जवळ आहे.

भडंगवाला

वकीलसाहेबांनी शेवटाला बरोबर कोपऱ्यात घेतलं काकांना.

कृष्णाकाठचा (सांगली)

घेतलंच. पण बरं झालं.

भाच्याचं सांगतो. ग्राहक केंद्रातल्या बाईने सुधारित हमीपत्राचा मसुदा बघून दिला, रकमेवर बोलणी चालू आहेत. पोरगं आता झोपतंय. तिकीट काढलंय दिवाळीचं. ताईला परवा कळलं, तिने माझ्याशी बोलणं टाकलंय, ते वेगळं.

आमच्या ड्राइव्हचं काल चौघांनी बसून ठरवलं. जाहीर लिंक बंद केली. १९६४ पर्यंत बाजारात आलेल्या आणि शब्द-चाल दोन्ही मोकळे असलेल्या तबकड्या एका खणात, त्या इथे कुणालाही मिळतील. अमेरिकेतल्या सभासदांनी आपापलं बघावं. गदिमांसारखी उदाहरणं दुसऱ्या खणात, ती नुसती जपायची, वाटायची नाहीत. घरगुती मैफली सगळ्या खाली काढल्या. ज्या घरांचा पत्ता लागतो तिथे प्रत घेऊन स्वतः जाणार आणि विचारणार. तंबोरा या तिसऱ्या गोष्टीवर अजून फुगलेला आहे.

तंबोरा

फुगलेलो नाही. म्हणणं एवढंच, की विचारायला जाईपर्यंत पुढचा पूर येतो. जपायला परवानगी लागत नाही, वाटायला लागते, एवढं मान्य. ताई, तुमच्या आजींच्या बैठकीची आमच्याकडे असलेली प्रत आधी तुमच्याकडे येईल. तुमच्याकडचा राग आणि साल बरोबर लिहून द्या.

आता कामाचं. पुरात भिजलेल्या लाखेच्या तबकड्या वाजतात, पण लेबलं सुटून गेलीत. साल तसंही लेबलवर नसायचं, ते क्रमांकावरून काढावं लागतं. लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कंपनीने त्या मुद्रणाला दिलेला क्रमांक, मात्र शाबूत आहे. जुनी छापील कॅटलॉगं कुणाच्या माळ्यावर असतील तर इथे लिहा. फोटो काढून पाठवलात तरी चालेल, पण पानाचा कोपरा कापू नका, क्रमांक नेमका तिथेच असतो.

पाटावरची

माळ्यावर सासऱ्यांच्या दोन पेट्या आहेत. रविवारी बघते. आणि ती दोन टेरा... ती बाई राहू द्या.